मिनी ट्रॅक्टर वाहायची ट्रॉली: आधी काटा, मग चढण, मग पैसे

वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडच्या संत्राबागा असोत, यवतमाळकडची पऱ्हाटी असो की भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या, १५ ते २८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आता सगळीकडे फिरतो. वावर एका शिवारात, मक्त्याने घेतलेलं दुसरं १५-२० किलोमीटरवर आणि भाड्याचं काम तिसऱ्याच गावात असेल, तर ट्रॅक्टर डांबरावरून चालवत न्यावा लागतो. त्यात वेळ जातो आणि टायरच्या कंगव्याही झिजतात. मग घरच्या मोठ्या ट्रॅक्टरमागे ट्रॉली लावून त्यावर मिनी चढवायचं ठरतं.

चूक इथेच सुरू होते. लोक आधी ट्रॉली पाहतात, भाव करतात, बयाणा देतात आणि घरी आणल्यावर मिनी चढवायचा कसा हे शोधत बसतात. फळ्या टाकून, चार जणांनी धरून, दगड लावून तो कसाबसा चढतो. पहिल्या वेळी जमलं म्हणून पुढेही तसंच चालू राहतं. माझ्या पहिल्या ट्रॉलीला पाच फुटी फळ्या होत्या. बनवून देणाऱ्याने "सगळे अशाच नेतात" असं सांगितलं आणि मी ऐकलं. तिसऱ्या फेरीला एक फळी मागे सरकली आणि ट्रॅक्टर एका चाकावर लटकला. माझा धाकटा भाऊ त्याच बाजूला उभा होता, तो वेळेवर हटला म्हणून निभावलं. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत, त्याच क्रमाने करा. क्रम उलटला की पैसे दोनदा जातात.

वावर तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर ट्रॉलीच्या भानगडीत पडू नका, मिनी चालवतच न्या. तेवढ्या अंतरासाठी चढवण्या-उतरवण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

## टप्पा १: मिनी ट्रॅक्टर काट्यावर न्या

कंपनीच्या पत्रकातलं वजन बहुतेक वेळा नुसत्या ट्रॅक्टरचं असतं. आपण नेतो तो ट्रॅक्टर डिझेल भरलेला, मागे रोटाव्हेटर लावलेला, कधी पुढे वजनं टांगलेला असतो. मिनी ट्रॅक्टर साधारण ६५० ते १,१०० किलोच्या दरम्यान भरतात. तीन-चार फुटी रोटाव्हेटरचे त्यावर आणखी दोनशे किलो धरा.

जिनिंगचा किंवा बाजार समितीचा काटा गाठा आणि तीन वजनं घ्या:

१. पूर्ण ट्रॅक्टर, अवजारासह, टाकी भरून, चालक खाली उतरून.
२. फक्त पुढची चाकं काट्यावर.
३. फक्त मागची चाकं काट्यावर.

कापसाच्या हंगामात काट्यावर रांग असते. सकाळी लवकर गेलात तर काटेवाला तीन वेळा मोजून देतो.

दुसरं आणि तिसरं वजन कशासाठी, ते एका उदाहरणाने पाहू. एकूण १,०३० किलो भरलं, त्यात पुढची चाकं २५० आणि मागची ७८०. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर ६० इंच. ६० ला २५० ने गुणून १,०३० ने भागलं की साधारण १५ इंच येतात. म्हणजे या ट्रॅक्टरचं सगळं वजन मागच्या चाकाच्या मध्यापासून १५ इंच पुढे एकवटलेलं आहे. तिथे ट्रॅक्टरच्या अंगावर रंगाने एक ठळक रेघ मारून ठेवा. पुढे दोन ठिकाणी ती कामाला येणार आहे.

तपासा: ब्लोअर (बागेवर फवारणी करायचं टाकीवालं अवजार) नेणार असाल तर त्याची टाकी रिकामी करूनच न्यायची, हे आत्ताच ठरवा. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते.

## टप्पा २: वाट पायी चालून पाहा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. ट्रॉली डांबरावर कशी चालते ते पाहून घेतली जाते आणि ती अडकते पांदणीत.

टेप घेऊन निघा. पांदण जिथे सर्वांत अरुंद आहे तिथली रुंदी मोजा. दोन्ही बाजूंच्या बाभळी आत आल्या असतील तर फांदी ते फांदी मोजा. नाल्यावरच्या रपट्याची (बुटक्या पुलाची) रुंदी घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना किती तीव्र उतार आहे ते पाहा. वावरात शिरताना धुरा (बांध) किती उंच आहे ते पाहा. काळ्या मातीच्या वाटेवर बंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग उंच राहतो. तो उंचवटाही मोजा. ट्रॉलीचा एक्सल त्यावर घासला की चाकं अधांतरी फिरतात.

पावसाळ्यात काळ्या मातीत भरलेली ट्रॉली घालायचीच नाही, हे मनाशी पक्कं करा. जून ते सप्टेंबर पक्क्या रस्त्यावरच मिनी उतरवायचा आणि पुढे पांदणीतून चालवत न्यायचा. त्यासाठी रस्त्याच्या कडेला सपाट, घट्ट, वाहतुकीपासून बाजूला अशी जागा शोधा आणि लक्षात ठेवा. रस्त्याच्या उतरत्या साइडपट्टीवर मिनी उतरवू नका.

मोठ्या रस्त्याचंही पाहून ठेवा. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या पट्ट्यात कामं घेणाऱ्यांनी अंतर जुन्या रस्त्याने धरूनच भाडं ठरवावं.

## टप्पा ३: ट्रॉलीचा प्रकार ठरवा

चारचाकी ट्रॉली, म्हणजे पुढचा एक्सल वळणारी, सरळ रस्त्यावर छान चालते आणि हुकावर भार देत नाही. पण रिव्हर्स घेताना ती कुठे वळेल याचा नेम नसतो. मिनी उतरवायला ट्रॉली रिव्हर्समध्ये जागेवर लावावीच लागते, म्हणून या कामाला ती नको.

एकमेकांना लागून दोन एक्सल असलेली ट्रॉली जड मालाला ठीक आहे. दोन टनांच्या आतल्या ओझ्याला ती नुसती महाग पडते आणि अरुंद वळणात टायर घासत जाते.

एका एक्सलची दोनचाकी ट्रॉली, हेच माझं मत. रिव्हर्सला सोपी, वजनाला हलकी, आणि ओझ्याचा थोडा भार मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येत असल्याने पकडही चांगली मिळते.

"आहे तीच सोयाबीनची ट्रॉली वापरतो" म्हणणारे खूप भेटतात. साध्या माल-ट्रॉलीची फळी, म्हणजे माल ठेवायचा तळ, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असते. पुढचा टप्पा वाचला की त्यावर मिनी का चढवू नये ते कळेल.

पिकअप गाडीत नेण्याचाही प्रश्न विचारला जातो. ज्या पिकअपची मालवाहू क्षमता दीड टनाजवळ आहे, तिच्यात वजन बसतं, पण लांबी आधी मोजा. अवजारासह मिनी दहा फुटांच्या जवळ जातो आणि फाळका उघडा ठेवून नेण्याची वेळ येते. छोटा हत्ती या कामाला नाहीच. त्याच्या बऱ्याच मॉडेलांची क्षमता साडेसातशे किलोच्या आसपास आहे आणि अवजारासह तुमचा मिनी त्याहून जड आहे.

## टप्पा ४: फळीची उंची आणि चढण

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हा टप्पा ठेवा.

ट्रॅक्टरचं बहुतेक वजन मागच्या चाकांवर असतं. मागे रोटाव्हेटर लटकला की पुढचा भाग आणखी हलका होतो. असा ट्रॅक्टर तोंडाने तीव्र चढणीवर घातला आणि क्लच झटक्याने सोडला, की मागची चाकं जागेवर धरली जातात आणि पुढचा भाग उचलला जातो. ट्रॅक्टर मागे उलटायला एक-दीड सेकंद पुरतो, चालकाला उडी मारायला वेळ मिळत नाही. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना संरक्षक कमानही नसते.

म्हणून दोन नियम. चढण सौम्य हवी, आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवायचा, म्हणजे जड बाजू वरच्या दिशेला राहते. उतरवताना तोंड खाली करून, लो गिअरमध्ये.

चढणीची लांबी अशी ठरवा: फळी जमिनीपासून जितकी उंच, तिच्या किमान चौपट लांब रॅम्प. अडीच फूट उंचीला दहा फूट. तेव्हा चढण साडेचौदा अंशांची होते. अडीच फुटांना पाच फुटी रॅम्प लावला तर ती तीस अंश होते, आणि साडेतीन फुटी माल-ट्रॉलीला सहा फुटी फळ्या लावल्या तर पस्तीसच्या वर जाते. माझी फळी सरकली ती तीस अंशांवर.

लांब रॅम्पचं दुसरं कारण रोटाव्हेटर आहे. रिव्हर्स घेताना तो चाकांच्या आधी रॅम्पवर पोचतो. तो चाकाच्या टेकण्यापासून तीन फूट मागे असेल, तर चौपट लांबीच्या रॅम्पची उंची तिथे पाऊण फुटाच्या जवळ असते आणि पूर्ण उचललेला रोटाव्हेटर सुटून जातो. तीस अंशांच्या रॅम्पवर तिथेच पावणेदोन फूट उंची येते. अवजार रॅम्पवर आदळतं, ट्रॅक्टर अडतो, चालक जोर देतो आणि फळी सरकते.

मग फळी आणखी खाली का घेऊ नये? धुऱ्यामुळे आणि चाकोरीमधल्या उंचवट्यामुळे. टप्पा २ मधलं माप इथे लागतं. आमच्याकडच्या वाटांना दोन ते अडीच फूट उंची बरोबर बसते. ती मिळवायला फळी चाकांच्या वर नको, चाकांच्या मध्ये हवी. पाच फूट रुंद फळी, दोन्ही बाजूंना टायर आणि थोडी मोकळी जागा धरली की एकूण रुंदी सात फुटांच्या थोडी वर जाते. तुमची पांदण त्याहून अरुंद असेल तर ट्रॉली रस्त्यावरच थांबेल, हे गृहीत धरून घ्या.

रॅम्पबद्दल आणखी काही:

१. रॅम्प लोखंडी चॅनेलचे आणि वर चेकर प्लेटचे (उंचवटे असलेल्या जाड लोखंडी प्लेटचे). लाकडी फळ्या, विहिरीवरचे जुने गर्डर, पत्रा हे काही चालणार नाही.
२. मिनीच्या मागच्या टायरची रुंदी मोजा. टायरवर ८.३-२० असं लिहिलं असेल तर तो ८.३ इंच रुंद आहे. रॅम्प किमान १२ इंच रुंद हवा, दोन्ही कडांना उभी पट्टी हवी.
३. रॅम्पच्या वरच्या टोकाला हूक आणि आरपार पिन. नुसता ओठ टेकवलेला रॅम्प चाकाच्या रेट्याने मागे ढकलला जातो.
४. रॅम्प दोन तुकड्यांचा, बिजागरीचा केला तर एकट्याला उचलता येतो. बिजागरीखाली मात्र पाय हवा.

इशारा: ओल्या काळ्या मातीने भरलेले टायर चेकर प्लेटवरही घसरतात. चढवण्याआधी टायरमधला चिखल काढा. कंटाळा येतो, तरी काढा.

## टप्पा ५: लांबी आणि एक्सलची जागा

वरच्याच उदाहरणातला ट्रॅक्टर घेऊ. रोटाव्हेटरच्या टोकापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सव्वातीन फूट, चाकापासून चाकापर्यंत पाच फूट, पुढच्या चाकापासून नाकापर्यंत दीड फूट. जवळजवळ पावणेदहा फूट झाले. त्याला ११ फूट लांब फळी पुरते. १२ फूट घेतल्याने काही बिघडत नाही, पण वळण मोठं लागतं.

एक्सल फळीच्या बरोबर मध्ये नको. पुढच्या कडेपासून साधारण ६० टक्क्यांवर, म्हणजे ११ फुटी फळीला साडेसहा फुटांवर हवा. मधोमध एक्सल ठेवून दिलेल्या ट्रॉल्या मी पाहिल्या आहेत. ओझं जरा मागे गेलं की हूक वर उचलला जातो, मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली शेपटी हलवायला लागते.

हुकावर एकूण भाराच्या १० ते १५ टक्के वजन यायला हवं. रिकामी ट्रॉली ७०० किलो आणि ट्रॅक्टर १,०३० किलो मिळून १,७३० किलो. म्हणजे हुकावर १७३ ते २६० किलो. हूक ते एक्सल अंतर १० फूट असेल आणि रिकाम्या ट्रॉलीचे ७० किलो हुकावर येत असतील, तर मिनीवर मारलेली रेघ ट्रॉलीच्या एक्सलपासून सुमारे १६ इंच पुढे आली की हुकावर दोनशेच्या थोडं वर वजन येतं. सहा इंच मागे सरकला तर तेच ५० किलोने घटतं. इतका फरक पडतो, म्हणून "अंदाजाने मधे उभा करू" चालत नाही.

तपासा: बयाणा देण्याआधी अंगणात चुन्याने फळीचा आयत काढा, एक्सलची रेघ मारा आणि मिनी त्यात उभा करून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. दाराजवळच सगळं कळतं.

## टप्पा ६: हूक, पिन, ब्रेक, टायर

हूक आणि पिन. ट्रॉलीच्या कानात बसणारी पिन त्याच मापाची, डोकं असलेली आणि खाली लॉक क्लिप लागणारी हवी. सळईचा तुकडा वाकवून पिन म्हणून घालणारे अजून दिसतात. खड्ड्यात ट्रॉली उसळली की तो वर निघतो. पिनेसोबत जाड साखळीही लावा, कानाखालून फुलीच्या आकारात. पिन निघाली तरी ट्रॉली रस्ता सोडणार नाही.

ब्रेक. गावात बनणाऱ्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली ढकलत राहते आणि दोघं कोनात दुमडतात. मी स्वतः पाळतो तो नियम असा: भरलेल्या ट्रॉलीचं वजन ओढणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही आणि तरीही ब्रेक लावून घ्यायचाच. ढकलल्यावर आपोआप लागणारा ब्रेक फॅब्रिकेटरला जमत असेल तर उत्तम. निदान उभी करताना लावायचा हँडब्रेक तरी हवाच.

टायर. ७.५०-१६ मापाचा चांगला टायर या ओझ्याला पुरतो. टायरच्या बाजूवर कमाल भार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो, तो वाचा. दोन टायरांची मिळून क्षमता एक्सलवरच्या वजनाच्या किमान दीडपट असू द्या. ट्रकमधून काढलेले, ठिगळ लावलेले टायर स्वस्त मिळतात. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर तेच आधी फुटतात. स्टेपनी घ्या.

पाटे. पाट्यांशिवायची (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगपट्ट्यांशिवायची), एक्सल थेट चॅनेलला वेल्ड केलेली ट्रॉली घेऊ नका. प्रत्येक खड्ड्याचा हादरा बांधलेल्या बेल्टला आणि मिनीच्या पुढच्या एक्सलला थेट बसतो.

## टप्पा ७: बनवून घेताना, जुनी घेताना

बनवून घेत असाल तर कागदावर लिहून द्या: फळीची लांबी-रुंदी-उंची, एक्सलची जागा, हूक ते एक्सल अंतर, चॅनेलचं माप, रॅम्पची लांबी, मागच्या दोन टेकूंची जागा, बांधायच्या कड्यांची संख्या. तोंडी सांगितलेलं माप वेल्डिंगच्या दिवशी बदलतं. रंग मारण्याआधी एकदा जाऊन सांधे पाहा, कारण रंगाखाली वाईट वेल्डिंगही चांगलं दिसतं.

बांधायच्या कड्या किमान सहा, चॅनेलला वेल्ड केलेल्या. बाजूच्या पत्र्याला लावलेली कडी पत्र्यासकट निघते.

जुनी घेत असाल तर हे क्रमाने पाहा:

१. हुकाचा कान. भोक गोल राहिलंय की लांबट झालंय?
२. हुकाकडून येणारे दोन दांडे जिथे चेसिसला मिळतात तो सांधा. तिथे बारीक तडे आधी येतात. तारेच्या ब्रशने माती काढूनच पाहा.
३. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलं.
४. टायर एकाच कडेला झिजलाय का? मग एक्सल वाकलाय.
५. फळीखाली वाकून गंज पाहा. खत वाहिलेल्या ट्रॉलीचा तळ आतून गेलेला असतो.

## टप्पा ८: कागद

मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. तिची वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर लागतो. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येते असं समजू नका, पॉलिसीवर तिचा उल्लेख आहे का ते वाचा. दुसऱ्यांची कामं भाड्याने घेणार असाल तर ते विमा घेतानाच लेखी सांगा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल फाडू नका. आधी खरेदी केली की अनुदान हातचं जातं.

मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावा आणि चालणारे दिवे जोडून घ्या. अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकून माणसं मरतात. दिव्यांचा खर्च टाळण्यासारखा नाही.

## टप्पा ९: पहिल्यांदा चढवताना

घरीच, सपाट कोरड्या जागी, दिवसा. दोन माणसं पुरतात: एक चालक, एक बाजूला उभा राहून खुणा करणारा. तिसरं कोणी जवळ नको, मुलं तर अजिबात नकोत.

१. ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला जोडलेली, पिनेला क्लिप, मोठा ट्रॅक्टर गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

२. फळीच्या मागच्या कडेखाली दोन टेकू लावा. मिनी मागच्या कडेवर असतो तेव्हा वरच्या उदाहरणात तो हुकाला जवळजवळ ४०० किलोने वर ओढतो. ट्रॉली न जोडता मिनी चढवला तर ती पुढून उभी राहते आणि मिनी मागे फेकला जातो. टेकू लावले की तो भार जमिनीवर जातो.

३. रॅम्प लावा, पिन घाला, मिनीच्या चाकांच्या अंतराशी जुळवा. ते अंतर कमी-जास्त करता येत असेल तर पिकाच्या ओळीसाठी चाकं सरकवल्यावर रॅम्पही पुन्हा जुळवावे लागतात. हे हमखास विसरलं जातं.

४. मिनीची दोन्ही ब्रेक पेडलं कडीने जोडा. वावरात वळायला ती सुटी ठेवलेली असतात. रॅम्पवर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर फिरून खाली पडतो.

५. अवजार पूर्ण उचला, फोर-व्हील असेल तर ती चालू करा, लो रिव्हर्स, कमी रेस. एकदा निघालात की क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. चुकतंय असं वाटलं तर ब्रेकवर पूर्ण थांबा, आणि मगच लो फॉरवर्ड गिअर टाकून त्याच्या बळावर सावकाश खाली या.

६. खुणा करणारा माणूस कधीही मिनीच्या खालच्या बाजूला, रॅम्पच्या सरळ रेषेत उभा राहणार नाही. बाजूला, चालकाला दिसेल असा.

७. रंगाची रेघ फळीवरच्या ठरलेल्या खुणेवर आली की थांबा. अवजार फळीवर टेकवा, इंजिन बंद, गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा.

इशारा: हात थरथरत असतील किंवा ट्रॅक्टर नवीन असेल तर चालवून चढवू नका. पुढच्या भिंतीला हाताची विंच किंवा चेनपुली बसवून मिनी न्यूट्रलमध्ये ओढून घ्या. चालक खाली उभा राहतो, ट्रॅक्टर सावकाश वर येतो. मागे सरकू नये म्हणून दर हातभर अंतरावर चाकामागे ठोकळा सरकवत राहायचा, तोही बाजूला उभं राहून.

## टप्पा १०: बांधणी आणि पहिली फेरी

नायलॉनचा दोर विसरा. रॅचेटचे बेल्ट किंवा साखळी आणि घट्ट करायचा लिव्हर घ्या. बेल्टवर दोन आकडे असतात, एक तुटण्याचा आणि एक वापरण्याचा. दुकानदार मोठा आकडा सांगतो, आपण छोटा पाहायचा. चारही बेल्टांचा वापराचा आकडा मिळून मिनीच्या वजनापेक्षा कमी नको.

दोन पुढे ओढणारे, दोन मागे ओढणारे, चारही तिरपे. मिनीच्या बाजूने चेसिस, ड्रॉबार किंवा मागच्या एक्सलच्या नळीला बांधा. स्टिअरिंगचा दांडा, मडगार्ड, लाईटचा पाइप यांना नाही. धारदार कडेवरून बेल्ट जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा. रॅम्पही बांधा. ते सुटून रस्त्यावर पडलेले मी पाहिले आहेत.

निघाल्यावर एक-दोन किलोमीटरवर थांबा आणि बेल्ट पुन्हा ओढा. प्रत्येक वेळी ते ढिले झालेले असतात, कारण टायर आणि पाटे बसतात. त्याच थांब्यावर ट्रॉलीच्या हबला हात लावून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर तिथलं बेअरिंग आवळलंय. मोठ्या ट्रॅक्टरची ब्रेक पेडलंही जोडलेली आहेत ना, ते इथे एकदा पाहून घ्या.

वेग २०-२५ च्या वर नेऊ नका. रपट्याच्या किंवा घाटाच्या उतारावर आधीच गिअर खाली घ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं म्हणजे दीड-पावणेदोन टन मोकळं सोडणं. ट्रॉलीत किंवा मिनीच्या सीटवर माणूस बसवायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

पहिल्या फेरीनंतर पुन्हा काट्यावर जा. आधी ट्रॉलीची फक्त चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या. मग मोठा ट्रॅक्टर सोडून, हुकाखाली टेकू लावून, आख्खी ट्रॉली मोजा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हुकावरचं वजन मिळतं. १० टक्क्यांच्या खाली आलं तर फळीवरची खूण पुढे सरकवा, १५ च्या वर गेलं तर मागे. एकदा बसलेली खूण फळीवर पक्क्या रंगाने मारून ठेवा, म्हणजे घरातला कोणीही चढवेल तेव्हा ट्रॅक्टर तिथेच उभा राहील.

उतरवताना घाई असते, काम वाट पाहत असतं, म्हणून उतरवण्याचा क्रम ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीवर लिहून ठेवा: जागा सपाट, ट्रॉली जोडलेली, ठोकळे, टेकू, रॅम्प आणि त्यांच्या पिना, माणसं बाजूला, चालक सीटवर आणि पाय ब्रेकवर. बेल्ट त्यानंतर सोडायचे.